काकू, जरा बॅगा धरा

काकू, कॉलेजच्या ग्रुपवर तू स्वयंपाकीण झालीस.

तू गेलीस त्या दिवशी दुपारीच आमच्या खेळाच्या सरांचा मेसेज आला. आपल्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाबरोबर राष्ट्रीय स्पर्धेला स्वयंपाकासाठी आलेल्या नवागामच्या मावशींचं दुःखद निधन, ईश्वर त्यांच्या आत्म्याला शांती देवो. खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. मावशींना काही नाव होतं का, असं एकानंही विचारलं नाही. मी तुझ्या घरात, तुझ्या पायांशी बसून तो मेसेज वाचला आणि रडता रडता माझं डोकंच फिरलं.

स्वयंपाकासाठी म्हणे! अगं, तुझ्या हातची भाजी तुझ्या सख्ख्या पोरानं कधी कौतुकानं खाल्ली नाही. नितीन अजून सांगतो की आईच्या डाळीत मीठ एकतर दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. त्या दहा दिवसांत तू चुलीजवळ फिरकलीसुद्धा नव्हतीस. आयोजकांच्या मेसमध्ये आपण सगळ्या सांबार-भात खायचो आणि तू रोज त्या वाढप्याला विचारायचीस, "भाकर नई का रे आठे?" खोटंच बोलायचं होतं, तर निदान पटेल असं तरी बोलावं माणसानं.

सरांचं नाव मी इथं घेणार नाही. मॅडमचंही नाही. त्यांनी तुझं घेतलं नाही, मी त्यांचं का घेऊ? तुझं मात्र पुरतं लिहिते. सुमनबाई भास्कर पाटील, राहणार नवागाम, सुरत, मूळ गाव शिरपूरकडचं. आम्ही जिंकलेल्या त्या कपाच्या कुठल्याच कागदावर हे नाव नाही. गेले तेरा दिवस मला दुसरं काही सुचत नाहीये.

तुला सॉफ्टबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मान्य. तू ग्राउंडवर यायला लागलीस ती माझ्या आईच्या अटीमुळे. पहाटे प्रॅक्टिसला जायचं तर कुणीतरी मोठं माणूस बरोबर हवं, असं आईनं बजावलं होतं. पप्पांची लूमवर पहिली पाळी, आई साड्यांना लेस लावायच्या कामात बुडालेली. मग शेजारी म्हणून तू उठलीस. मी आणि माझी मैत्रीण कीर्ती पुढे पळायचो आणि तू मागून चपला ओढत डिंडोलीच्या ग्राउंडपर्यंत यायचीस. तिथं लिंबाखाली बसायचीस आणि बघायचीस. आम्हाला वाटायचं बाई पेंगतेय.

तू दुपारी काय काम करतेस हे मला नावापुरतं माहीत होतं. एकदा तुझा विसरलेला डबा द्यायला आले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. लूमवरून आलेले कापडाचे ताके तू तपासायचीस. काचेचं उतरतं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, आणि वरून कापड नुसतं पळतंय. मला पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. तू मधेच टेबलावर हात आपटायचीस, कापड थांबायचं, आणि तू बोट ठेवायचीस तिथं खरंच एक धागा सुटलेला असायचा. काठाला लाल दोरा बांधायचा आणि पुढे चालू. मी विचारलं, "काकू, दिसतं कसं गं तुला?" तर म्हणालीस, "मी कापड बघत नाही वं. कुठं वेगळं होतंय तेवढंच बघते."

आणि मग एक दिवस घरी परतताना तू कीर्तीला सहज म्हणालीस, "तू हळू बॉल टाकतेस ना, तेव्हा अंगठा आत दाबतेस. मला दिसतं, तर समोरचीला दिसणार नाही का?"

आम्ही दोघी रस्त्यातच थांबलो. कीर्ती आमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. मी तिचा बॉल झेलणारी, कॅचर, आणि संघाची कॅप्टनही. आमच्या खेळात पिचर खालून हात फिरवून बॉल टाकते, कधी जोरात, कधी मुद्दाम हळू. हात मात्र दोन्ही वेळा तसाच फिरतो. बॅट घेतलेली मुलगी जोराच्या बॉलसाठी बॅट फिरवते, हळू बॉल मागून येतो, आणि ती फसते. सगळा डाव या एका लबाडीवर उभा असतो. कीर्तीचा तो दाबलेला अंगठा मला, तिच्या समोर रोज बसणाऱ्या कॅचरला, दोन वर्षांत दिसला नव्हता. सरांना तर कशाला दिसेल? सर ग्राउंडवर फोनमध्ये असायचे. "चालशे, चालशे, आगळ," म्हणजे चालेल, पुढे, एवढंच त्यांचं कोचिंग.

त्या दिवसापासून तू आमची कोच झालीस. कुणी नेमलं नाही, कुणी विचारलं नाही. तू कीर्तीचा अंगठा सुधारलास, माझी बॅट लवकर फिरते ते पकडलंस. दुसऱ्या कॉलेजच्या पिचरला तू दहा-बारा बॉल बघायचीस आणि सांगायचीस की ही हळू टाकायच्या आधी ओठ चावते. आम्ही जिल्ह्यात जिंकलो, विद्यापीठाच्या संघात गेलो, तिथंही कॅप्टन मीच झाले, कोच आपलेच सर, आणि बघता बघता राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धा दारात आली.

मुलींच्या संघाबरोबर बाई मॅनेजर पाहिजेच, असा नियम. कॉलेजातल्या मॅडमचं नाव फॉर्मवर गेलं. जायच्या दोन दिवस आधी मॅडमना आठवलं की मुलाची परीक्षा आहे. संघच रद्द व्हायची वेळ आली, तेव्हा सरांना तू आठवलीस. तुझ्या गळ्यात मॅडमचं ओळखपत्र घातलं. त्यावर मॅडमचा फोटो, म्हणून तू दहा दिवस पदर छातीवर ओढून वावरलीस. तुझी पाळी बुडली, मुकादमाची बोलणी खाल्लीस. मी तेव्हा हसले होते त्या ओळखपत्राला. आता आठवलं की अंगाची लाही लाही होते.

पण खेळ काय झाला काकू! तू बाकावर बसायचीस आणि समोरच्या पिचरचा हात वाचायचीस. हळू बॉल येणार असला की आपल्या अहिराणीत ओरडायचीस, "हयू!" बस्स. पंजाबच्या पोरींना वाटायचं बाई देवाचं नाव घेतेय. केरळवाल्यांनी तर अंपायरला विचारलं, ह्यांना बरं नाही का? आपल्या संघातल्या ज्या पोरी गुजराती होत्या, त्यासुद्धा तिसऱ्या दिवशी 'हयू' शिकल्या. आम्ही एकामागून एक सामने जिंकत गेलो आणि आमची छाती फुगत गेली. सगळ्या देशात ही भाषा कुणाला येत नाही, असं आम्ही अगदी गृहीत धरलं.

आणि फायनल कुणाशी होती? खानदेशातल्या संघाशी! गाढवपणाची कमाल बघ. आम्ही सगळ्यांनी ते नाव वाचलं होतं. आदल्या दिवशी मेसमध्ये त्या पोरींना बघून "आपल्या गाववाल्या" म्हणून खूशही झालो होतो. तू त्यांच्यातल्या एकीला लोणच्याची फोड दिलीस. पण डोक्यात उजेड पडला नाही तो नाहीच. सुरतेत राहून राहून आम्हाला वाटायला लागलं होतं की अहिराणी ही नवागामच्या चार गल्ल्यांची भाषा आहे.

पहिल्याच डावात कीर्ती बॅटिंगला. तू ओरडलीस, "हयू!" ते ऐकून त्यांच्या पिचरनं हसत बॉलवरची पकड बदलली आणि असा जोरात टाकला की कीर्ती बघतच राहिली. त्यांच्या कॅचरनं तोंडावरची जाळी वर केली, आपल्या बाकाकडे वळून विचारलं, "मावशी, कोन्तं गाव वं तुनं?" आणि तू? तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "शिरपूरकडली शे मी! तू कोनी पोर वं?" दोन्ही संघ पोट धरून हसत होते. अंपायर लाल. सर डोक्याला हात लावून बसले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही आता तोंड उघडू नका."

तू उघडलं नाहीस. पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आलीस आणि कानात सांगितलंस, "पदर डोक्यावर तं हयू. खांद्यावर तं जोरमा."

उन्हात बसलेली खानदेशी बाई पदर डोक्यावर घेते, घाम आला की खांद्यावर टाकते. यात बघण्यासारखं काय आहे? त्या पोरींनी जन्मापासून घरोघरी हेच पाहिलेलं. त्यांच्यासमोर तू उघड उघड सांगत होतीस आणि त्यांना काही दिसत नव्हतं. शेवटचा डाव, दोन्ही संघ बरोबरीत, कीर्ती तिसऱ्या बेसवर, दोन गडी बाद, आणि बॅट माझ्या हातात. दोन स्ट्राइक झालेले. आणखी एक चुकला की आमचा डाव संपला. मी बाकाकडे पाहिलं. तू पदर उचललास, सावकाश, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलास. मी थांबले. जन्मात एवढी थांबले नसेन. बॉल आला, मी मारला, कीर्ती होम बेसवर पोचली, आणि आपण देशात पहिल्या आलो.

त्यानंतर सगळ्यांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. फोटोवाला आला. तू धावत मधे आलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास. आणि सर म्हणाले, "काकू, जरा बॅगा धरा. आणि बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

तू धरल्यास! दोन्ही खांद्यांवर, दोन्ही हातांत, ग्लव्ह्ज, हेल्मेटं, सगळं. तो फोटो आजही प्रिन्सिपॉलच्या ऑफिसात लावलेला आहे. खाली मॅनेजर म्हणून मॅडमचं नाव, कोच म्हणून सरांचं. डाव्या कोपऱ्यात एका बॅगेचा पट्टा दिसतो. तो पट्टा तुझ्या खांद्यावर आहे, हे फक्त आम्हाला माहीत.

सरांवर मी चिडते, पण माझं काय? ते आज बोलून टाकते, तू असताना जमलं नाही. सत्काराच्या दिवशी माइक माझ्या हातात होता. मॅडम स्टेजवर, शाल-श्रीफळ घेऊन, ज्यांनी त्या स्पर्धेचं ग्राउंड डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सरांनी दिलेली चिठ्ठी माझ्या मुठीत. तू शेवटच्या रांगेत, ठेवणीतली पोपटी साडी नेसून. मी तुझ्याकडे पाहिलं आणि मग चिठ्ठी वाचली. मॅडमचे आभार मानले, सरांचे मानले, ट्रस्टींचे मानले. तू हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होतीस. मला सर्टिफिकेटवर सरांची सही हवी होती काकू. एवढंच कारण होतं. त्या सर्टिफिकेटवर आज मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, आणि रोज पोरींना सांगते की घाबरायचं नाही.

मला माफ कर, असं मी तुला कधी म्हटलं नाही. त्याऐवजी तुझ्याशीच भांडायचे. आठवतं? दर वेळी तुझ्या ओट्यावर बसले की मी विषय काढायचे. मी म्हणायचे, आपण जाऊ कॉलेजात, सांगू. तू म्हणायचीस, "बोलू नको वं. कप काढी लेतीन." कप परत घेतील, पोरींची सर्टिफिकेटं रद्द होतील, कीर्तीची पोलिसातली नोकरी जाईल. हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? सरांनी, परतीच्या गाडीतच. तू त्यांचा शब्द पदरात बांधून घेतलास आणि सहा वर्षं गप्प बसलीस. मी ओरडले की तू शेंगा सोलत म्हणायचीस, "माले काय चाटनं शे नावले? खेळल्या ना तुम्ही?" शेवटचं भांडण तर दिवाळीतलं. मी चहा न पिता उठून गेले. तू मागून हाक मारलीस, मी वळले नाही. पुढं बोललो आपण, पण त्या विषयावर नाही.

तुझ्यावरही राग आहे माझा, ऐकून ठेव. एका धाग्याला पळतं कापड थांबवणारी बाई तू. एवढं मोठं खोटं डोळ्यांसमोरून जाताना तुझा हात टेबलावर का नाही आपटला?

तुला नेताना बायकांनी तुझ्या डोक्यावर पदर घेतला, कपाळापर्यंत. मी दारात उभी होते. माझे हात आपोआप पुढे येऊन थांबले, बॅट धरल्यासारखे. मी तिथंच खाली बसले. कीर्तीनं, वर्दीतच आलेली होती ती, मला धरलं. ती म्हणाली, "तिनं थांब म्हटलंय."

पण आता किती थांबायचं? दुसऱ्या दिवशी नितीन माझ्याकडे आला. गल्लीच्या तोंडाशी लावायचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा होता. फ्लेक्सवाल्यानं विचारलं होतं, "नाम नीचे शुं लखवानुं?" लोक नावाखाली माजी नगरसेवक लिहितात, व्यापारी लिहितात, काही नाहीच सुचलं तर समाजसेवक. तुझा पोरगा मला विचारत होता, "वैशूताई, आईच्या नावाखाली काय लिहू? गृहिणी लिहू?"

मी कीर्तीला फोन लावला. तुझी भीती तिला सांगितली, नोकरीची, सर्टिफिकेटांची. ती एवढी चिडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "बॉल मी टाकलाय. माझ्या नावावर दुसऱ्या कुणी टाकलेला नाही. मॅनेजरच्या जागी खोटं नाव ज्यांनी लिहिलं, ते देतील ना उत्तर! आमच्यावर कशाला येईल ते? सहा वर्षं आपल्या सर्टिफिकेटांची भीती दाखवून त्या म्हातारीला गप्प बसवलं त्यांनी." मग म्हणाली, "आणि काढून घेतला कप, तर घेऊ देत. तू लिही."

मी लिहिलं. सुमनबाई भास्कर पाटील. खाली, राष्ट्रीय विजेत्या सॉफ्टबॉल संघाच्या मॅनेजर आणि कोच. फोटो नितीननं निवडला, तुझा पदर डोक्यावर असलेला. तुला विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस, म्हणून विचारायची सोय नव्हती हेच बरं झालं.

सुतक फिटायच्या दिवशी, गंधमुक्तीला, आपल्या संघातल्या आठ जणी आल्या. एक कोसाडहून पोर कडेवर घेऊन, एक वापीहून. आणि सर-मॅडमही आले, पांढऱ्या कपड्यांत. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्ससमोर थांबले. मी बघत होते. सरांनी दोनदा वाचलं. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "वैशाली, भावना समजू शकतो. चालशे. पण हे ऑफिशियली बरोबर नाही. कुणी याचा फोटो घेऊन ग्रुपवर टाकला तर प्रॉब्लेम होईल." मॅडम म्हणाल्या, "मला तर या बाईंचं नावही माहीत नव्हतं गं." आणि त्या खरं बोलत होत्या, हेच सगळ्यात वाईट. सहा वर्षं दुसरीच्या कष्टाची शाल अंगावर घेतली आणि ती कुणाची, हे विचारावंसं वाटलं नाही.

मी बरंच काही पाठ करून ठेवलं होतं. सरांना ऐकवायला, तुझ्या वतीनं. ऐन वेळी त्यातलं एकही वाक्य आठवेना. तेवढ्यात नितीन फोन काढून म्हणाला, "ताई, सगळ्या जणी आईजवळ उभ्या राहा ना, एक फोटो घेतो." आम्ही फ्लेक्सच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो. सर सवयीनं पुढे आले, कुडता खाली ओढला, आणि बरोबर मधोमध, तुझ्या तोंडासमोर येऊन उभे राहिले.

मी खांद्यावरची पर्स काढली. कीर्तीची घेतली, बाकीच्यांच्या पिशव्या घेतल्या, पोराची दुधाची बॅग घेतली.

"सर, जरा बॅगा धरा," मी म्हटलं. "आणि बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

त्यांचे हात आपोआप पुढे आले. धरल्या त्यांनी, सगळ्या.

नितीननं पाठवलेला फोटो मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकलाय, नावासकट. मधोमध तू आहेस, पदर डोक्यावर. डाव्या कोपऱ्यात एका बॅगेचा पट्टा दिसतोय.